रात्रीचे अंगण आणि भिंतीवरचे परवाने: फोंड्याजवळच्या एका उपाहारगृहाविषयी

गोव्यातल्या फोंडा शहराची हद्द संपून पंचायतीचा भाग सुरू होतो, तिथे एका जुन्या कौलारू घरात आणि त्याच्या अंगणात चालणाऱ्या उपाहारगृहाविषयी हा अभिप्राय आहे. बाहेर मोजकीच टेबले आहेत आणि शनिवार-रविवारी आताच जागा अपुरी पडते, म्हणून नाव देऊ नये अशी मालकांची विनंती आहे. ती मी मान्य केली आहे. फोंड्याच्या माणसाला वर्णनावरून ठिकाण कळेलच. जेवणाविषयी लिहिणार आहेच, पण या जागेचे खरे वेगळेपण ते रात्री उशिरापर्यंत लोकांना उघड्यावर कसे बसवतात, कोणत्या परवान्यांवर बसवतात आणि ते परवाने किती मनापासून पाळतात, यात आहे. गोव्यातल्या वस्तीमधल्या उपाहारगृहांबद्दल आपण माशाच्या ताजेपणावर पानेच्या पाने लिहितो. शेजारच्या घरात झोपलेल्या माणसाचा विचार त्या लिखाणात सहसा येत नाही.

आधी जेवण. उकड्या तांदळाचे शीत, आंबाडे घातलेले सुंगटांचे (कोळंबीचे) हुमण, तिसऱ्यांचे (शिंपल्यांचे) सुके आणि रव्यात घोळून तव्यावर परतलेले चोणक या चार गोष्टींसाठी तिथे जावे. हुमणातले खोबरे इतके बारीक वाटलेले असते की ताटात त्याचा चोथा राहत नाही, आणि तिसऱ्यांत तिरफळ नसले तरी कोकमाचा आंबटपणा नेमका असतो. शाकाहारी मंडळींना अळसांद्यांचे तोणाक आणि मुगागाठी मिळतात, आणि सोमवारी तर बरीच टेबले शाकाहारीच असतात. सोलकडी रोज ताज्या रसाची असते. सुकटीच्या किसमुरात मात्र खोबरे आधीपासून कालवून ठेवलेले असते, त्यामुळे रात्री नऊनंतर ती मऊ पडलेली मिळते. आयत्या वेळी कालवायला दोन मिनिटेही लागत नाहीत, तेव्हा ही उणीव त्यांनी दूर करायलाच हवी.

आता भिंतीकडे वळतो. पडवीतून आत जाताना उजव्या हाताला, गल्ल्याच्या वर, सगळे परवाने काचेच्या चौकटींत ओळीने लावलेले आहेत. चौदा अंकी क्रमांकाचा अन्नसुरक्षा परवाना, पंचायतीचा व्यापार परवाना, आरोग्य खात्याचा ना हरकत दाखला, अबकारी खात्याचा मद्यविक्रीचा परवाना, गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आणि अग्निशमन दलाचा दाखला. अन्नसुरक्षा परवाना दर्शनी भागात लावणे बंधनकारकच आहे, त्यामुळे तो बहुतेक ठिकाणी दिसतो. इथे सगळेच कागद गिऱ्हाइकाच्या नजरेच्या उंचीवर लावले आहेत आणि प्रत्येकावरची मुदत वाचता येते. सर्वांत शेवटी एक साधा नकाशा आहे. त्यात घराचा आराखडा काळ्या रेघांनी काढलेला असून अंगणाचा जेवढा भाग बसण्यासाठी दाखवला आहे तेवढ्यावर तिरप्या रेषा मारलेल्या आहेत, आणि प्रत्यक्षात टेबलेही तेवढ्याच भागात आहेत. विहिरीच्या बाजूचा कोपरा मोकळा, हवेशीर आणि कुणालाही मोह पडावा असा आहे, पण तो नकाशात नसल्यामुळे तिथे एक खुर्चीसुद्धा ठेवलेली नाही.

या नकाशाचे महत्त्व थोडे उलगडून सांगायला हवे, कारण बाहेर बसवण्याच्या परवानगीची बरीच गुंतागुंत तिथेच आहे. उपाहारगृहाला मिळणारा परवाना ठरावीक जागेपुरता असतो. आत बसवण्याची परवानगी आहे म्हणून पडवीत, पडवीची आहे म्हणून अंगणात आणि अंगणाची आहे म्हणून रस्त्याच्या कडेला, असे टेबल सरकत गेले की मूळ कागद लागू होत नाही. मद्याच्या बाबतीत तर हे अधिकच काटेकोर आहे: परवान्यात दाखवलेल्या आवाराबाहेर पेला नेऊन ठेवला, तर तो परवान्याबाहेरचाच व्यवहार होतो. याखेरीज जागेचा वापरही पाहावा लागतो. जमीन महसूल संहितेखाली सनद लागते ती बिगरशेती वापरासाठी, आणि घर राहण्यासाठी असेल तर त्याच्या अंगणात धंदा चालवण्याआधी तो वापर कागदावर बदलून घ्यावा लागतो. पंचायतीच्या हद्दीत कोणतेही बांधकाम करायचे तर गोवा पंचायत राज कायदा, १९९४ प्रमाणे पंचायतीची परवानगी हवी. मालक सांगतात की एका कार्यालयाने मागितलेला कागद दुसऱ्या कार्यालयाच्या दाखल्याशिवाय मिळेना, आणि त्या दुसऱ्याला पहिल्याचा कागद हवा होता. शेवटी दोन्हीकडे एकाच दिवशी अर्ज देऊन आणि प्रत्येकाची पोच दुसऱ्याला दाखवून त्यांनी मार्ग काढला. नियम पाळू पाहणाऱ्या माणसाला ही फरफट सोसावी लागते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

वेळेचे गणित दोन टप्प्यांत आहे आणि ते त्यांनी जेवणाच्या यादीच्या पहिल्याच पानावर छापले आहे. रात्री दहानंतर अंगणात नवी ऑर्डर घेतली जात नाही; आधी मागवलेले जेवण शांतपणे संपवता येते. अकराला मद्यविक्री बंद होते, कारण त्यांच्या अबकारी परवान्यात तीच वेळ आहे. जादा शुल्क भरून ही वेळ वाढवून घेण्याची सोय गोव्यात आहे, किनारपट्टीवर ती अनेक जण घेतात, पण वस्तीतल्या अंगणासाठी ती घ्यायची नाही असे यांनी ठरवले आहे. दहा वाजले की वाढपी प्रत्येक टेबलाशी येऊन हळू आवाजात सांगतो, "भाऊ, धा जाले, आतां भायर नवी ऑर्डर घेनात," आणि पुढे काही हवे असल्यास आतल्या खोलीत टेबल मांडून देतो. ताटे, पेले, अर्धवट राहिलेली सोलकडी, सगळे तोच उचलून आत नेतो. गिऱ्हाइकाला हाकलल्यासारखे वाटत नाही, ही त्यांच्या सेवेतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट.

दहाचाच आकडा का, याचे उत्तर ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० मध्ये आहे. या नियमांत रात्र म्हणजे दहा ते पहाटे सहा. निवासी क्षेत्रात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आणि रात्रीची ४५ आहे. व्यापारी क्षेत्रात ती ६५ आणि ५५ आहे. आणि रुग्णालये, शिक्षणसंस्था, न्यायालये यांच्याभोवतीच्या शंभर मीटरच्या शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्री ध्वनिक्षेपक किंवा वाद्य वाजवायचे तर ते बंदिस्त जागेतच, आणि आतल्यांपुरतेच. म्हणजे अंगणात दहानंतर मोठा स्पीकर चालणार नाही हे तर उघडच आहे, पण नुसते घुमट घेऊन कुणी आरत म्हणायला बसला तरी तो नियमात बसत नाही. खासगी जागेतल्या ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या सीमेवर त्या क्षेत्राच्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक असता कामा नये, असेही नियमात आहे.

बहुतेक चर्चा इथे, संगीतापाशी थांबते. प्रत्यक्षात शेजाऱ्याला ऐकू येणारा मोठा आवाज पुष्कळदा माणसांच्या बोलण्याचा असतो. साधे संभाषण एका मीटरवर साधारण ६० डेसिबल भरते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो, त्यामुळे आठ मीटरवरच्या भिंतीपाशी एका माणसाचे बोलणे ४२ च्या आसपास येते आणि रात्रीच्या मर्यादेत बसते. पण दहा माणसे एकाच वेळी तेवढ्याच आवाजात बोलू लागली की त्यात १० डेसिबलची भर पडते, म्हणजे त्याच भिंतीपाशी ५२. पेले दोन-तीन झाले की माणूस शेजारच्या टेबलावर मात करण्यासाठी आवाज चढवतो, तो चढला की शेजारचा आणखी चढवतो, आणि मग स्पीकर बंद असूनही पलीकडच्या खोलीतले मूल जागे होते. म्हणून उघड्यावर बसवण्याचा परवाना देताना टेबलांची संख्या आणि सीमेपासूनचे अंतर या दोन गोष्टी बघितल्याच पाहिजेत. नुसते 'संगीत वाजवणार नाही' असे हमीपत्र घेऊन भागत नाही.

या उपाहारगृहात ही समज दिसते. शेजारचे घर पूर्वेला आहे, त्या बाजूला त्यांनी झाडांची रांग आणि वाहने लावायची जागा ठेवली आहे, आणि टेबले पश्चिमेला रस्त्याच्या अंगाला आहेत. त्यामुळे सर्वांत जवळचे टेबलसुद्धा शेजारच्या भिंतीपासून बरेच लांब पडते, आणि मधे चिऱ्यांचा गडगा आहे. दहाजणांचा मोठा गट आला तर त्याला आतच बसवतात, अंगणात सहापेक्षा मोठे टेबल लावत नाहीत. दिवे खाली वळवलेले आणि पिवळसर आहेत, एकही झोत पलीकडच्या खिडकीवर जात नाही. खुर्च्यांच्या पायांना रबराच्या टोप्या आहेत. दिवसभर कुणाच्या लक्षातही येणार नाही, पण रात्री साडेअकराला चिऱ्याच्या फरशीवरून लोखंडी खुर्ची ओढल्याचा आवाज ज्याने अंथरुणात पडून ऐकला आहे त्याला या टोप्यांची किंमत कळेल. शेजारच्या काकूंशी मी बोललो. त्यांच्या तुळशीवृंदावनापासून अंगणातले दिवे दिसतात. दहानंतर त्रास होत नाही असे त्यांनी सांगितले, आणि होतो तो गाड्यांचा, असेही सांगितले. त्याकडे पुढे येतो.

गोव्यातल्या मराठी माणसाचा एक प्रश्न मात्र इथे प्रामाणिकपणे मांडायला हवा. आपल्याकडे जत्रा, काला, देवळांतली उत्सवी नाटके ही रात्रीचीच असतात, आणि दहाच्या नियमाने त्यांची अडचण झाली आहे. सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवांसाठी राज्य सरकारला वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते, आणि गावोगावच्या जत्रांना ते पंधरा दिवस पुरत नाहीत. देवळाला दहाचे बंधन आणि बारला मोकळीक, असे चित्र जिथे दिसते तिथे लोकांना राग येतो आणि तो रास्त आहे. फोंड्याच्या राजीव गांधी कला मंदिरात नाटक सुटले की भुकेली मंडळी याच अंगणात येतात, आणि तेव्हा बहुधा दहा वाजून गेलेले असतात. त्यांना आत जागा मिळते, बाहेर नाही. नाटकावरची चर्चा चांदण्यात बसून करायला कुणाला आवडणार नाही? तरीही मी उपाहारगृहाच्याच बाजूने आहे. नाटकवाल्यांसाठी नियम वाकवला की वाढदिवसवाल्यांसाठी वाकवावा लागतो, आणि पुढच्या मोसमात तो नियम उरत नाही.

अग्निसुरक्षेबद्दल थोडक्यात, पण गांभीर्याने. डिसेंबर २०२५ मध्ये हडफडे येथील नाइटक्लबला लागलेल्या आगीत २५ जणांचे प्राण गेले, आणि त्यांतले बहुतेक तिथे काम करणारेच होते. त्याआधी मुंबईत २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर कमला मिलच्या आवारातील आगीत १४ जण दगावले होते, आणि तीही गच्चीवरच्या उपाहारगृहांतलीच आग होती. उघडी जागा म्हणजे सुरक्षित जागा असे वाटते खरे, पण उघड्या जागेवर माडाची झावळे, ताडपत्री, कापडी छत आणि विजेच्या माळा आल्या की ती बंद खोलीइतकीच धोक्याची होते, आणि आत शिरण्याची वाट अरुंद असेल तर बंबही वेळेत पोहोचत नाही. या अंगणावर छत नाही. गॅसच्या टाक्या घरामागे जाळीच्या वेगळ्या खोलीत आहेत. रस्त्याकडचे फाटक रात्रभर पूर्ण उघडे असते आणि त्याच्यासमोर गाडी लावू देत नाहीत. स्वयंपाकघराला मागचा दरवाजा आहे आणि मी पाहिला तेव्हा त्याच्यासमोर एकही क्रेट ठेवलेला नव्हता. अंगणात धूम्रपानालाही ते मज्जाव करतात.

छत नसण्याची किंमत त्यांना पावसाळ्यात मोजावी लागते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत अंगण बंद असते आणि आतली जागा इतकी कमी आहे की रविवारी दुपारी पडवीत उभे राहावे लागते. पत्रे घातले तर चार महिने धंदा होईल, पण मग ते बांधकाम ठरेल, त्याची परवानगी लागेल, आणि पत्रे घातलेली जागा पाऊस संपल्यावर पुन्हा अंगण होत नाही, हे आपण आजूबाजूला पाहतोच. मालकांनी अजून तरी पत्रे घातलेले नाहीत.

उणिवा सांगायलाच हव्यात. गाड्यांचा प्रश्न मोठा आहे. आवारात लावायची जागा भरली की पुढचे लोक रस्त्याच्या कडेला लावतात, आणि निघताना दार आपटणे, मोठ्याने निरोप घेणे, गाडी मागे घेताना वाजणारी शिट्टी, हे सगळे नेमके शेजाऱ्यांच्या खिडकीखाली घडते. कोणत्याही परवान्यात हा आवाज मोजला जात नाही, पण त्रास खरा आहे. शनिवार-रविवारी फाटकाशी एक माणूस उभा केला तर बराच फरक पडेल. दुसरे म्हणजे, बाहेरची वेळ यादीत छापली असली तरी फोनवर जागा राखताना ती सांगत नाहीत. मडगावहून किंवा पणजीहून साडेनऊला पोहोचणाऱ्या कुटुंबाला अर्ध्या तासानंतर आणखी काही मागवायला आत जावे लागले तर ते नाराज होतील, आणि चूक त्यांची नसेल. प्रसाधनगृहाकडे जाणाऱ्या वाटेवरचा दिवाही फार मंद आहे, वयस्कर माणसाने जपून जावे.

आता परवाना पद्धतीबद्दल माझे मत. एका अंगणात बारा टेबले मांडण्यासाठी लागणारी परवानगी आज अर्धा डझन कागदांत विखुरलेली आहे, आणि त्यांतल्या एकाही कागदावर शेजाऱ्याला एका नजरेत कळेल अशी माहिती नाही: किती टेबले, किती वाजेपर्यंत, सीमेवर किती आवाज, आणि तक्रार कुणाकडे. ध्वनिनियमांप्रमाणे मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा अधिक आवाज झाला, किंवा रात्रीच्या निर्बंधांचा भंग झाला, तर कोणताही नागरिक नियुक्त प्राधिकाऱ्याकडे तक्रार करू शकतो. पण रात्री बारा वाजता तो प्राधिकारी कोण आणि त्याचा फोन कोणता, हे शोधण्यातच त्याची झोप जाते. माझी सूचना अशी की उघड्यावर बसवण्याचा वेगळा, एका पानाचा परवाना असावा, पंचायतीने किंवा पालिकेने तो इतर खात्यांचे दाखले पाहून द्यावा, आणि तो गल्ल्यावर न लावता फाटकावर, रस्त्यावरून वाचता येईल असा लावावा. नुसते बसून जेवू घालणाऱ्या लहान उपाहारगृहाला तो स्वस्तात आणि लवकर मिळावा. ज्याला उघड्यावर संगीत हवे, त्याच्यासाठी अटी वेगळ्या आणि कडक असाव्यात, आणि सीमेवर मोजणीचे यंत्र त्याने स्वखर्चाने बसवावे. आज या दोघांना जवळपास एकाच रांगेत उभे केले जाते, त्यामुळे अंगणात चार टेबले मांडणारा माणूस कागदांनी थकतो आणि शेवटी परवान्याविनाच टेबले मांडून मोकळा होतो. त्यातून त्याचेही भले होत नाही आणि शेजाऱ्यांचेही.

परवानगी देणाऱ्यांनी शेजाऱ्यांना विचारावे, असेही मला आग्रहाने म्हणायचे आहे. मालकांनी टेबले मांडण्याआधी आजूबाजूच्या घरांत जाऊन नकाशा दाखवला होता, आणि त्यातूनच पूर्वेची बाजू मोकळी ठेवण्याचे ठरले. कोणत्याही कायद्याने हे त्यांच्यावर लादलेले नव्हते. काकूंना त्यांचा फोन क्रमांक पाठ आहे आणि तो वापरायची वेळ क्वचितच येते, हा माझ्या दृष्टीने भिंतीवरच्या सहा चौकटींइतकाच महत्त्वाचा दाखला आहे.

जाणाऱ्यांसाठी थोडे. बाहेर बसायचे असेल तर आठच्या आत पोहोचावे आणि फोन करताना अंगणातलेच टेबल हवे असे स्पष्ट सांगावे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा उत्तम असते. एप्रिल-मेमध्ये दमट उकाडा असला तरी हुर्राक (काजूची हलकी दारू) मिळते आणि पंखे लावलेले असतात. डासांसाठी काहीतरी सोबत न्यावे. दोन माणसांनी एक चोणक, एक तिसऱ्यांचे सुके आणि शीत-हुमण मागवले तर पोट भरते. गाडी आवारात मावली नाही तर रस्त्याच्या पश्चिम बाजूला लावावी, पूर्वेला घरे आहेत.